दहापैकी चार

चहाचा पहिला घोट घेतला की सर कप बशीत ठेवायचे, डावा डोळा बारीक करायचे आणि जाहीर करायचे, "साडेपाच." साखर जास्त झाली की आलं कमी पडलं, यावर एक अक्षर नाही. नुसते साडेपाच. दहापैकी.

असा माणूस तुमच्याही आसपास असेल, नाही असं नाही. पण आमच्या सरांचं जरा जास्तच होतं. सोसायटीच्या गणपतीच्या आरासीला सहा, लिफ्टच्या दुरुस्तीला दोन, नव्या वॉचमनच्या सलामाला चार. आमच्या ह्यांनी एकदा हौसेने नवा सदरा घालून विचारलं, "काय सर, कसा दिसतोय?" तर म्हणाले, "सदऱ्याला सहा. तुमचे वेगळे देऊ का?" ह्यांनी तो सदरा पुढे आठ दिवस घातला नाही.

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि दर उन्हाळ्यात बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी खिशाला लाल पेन लावलेलं असायचंच. सकाळचं वर्तमानपत्र ते त्या पेनाने दुरुस्त करायचे आणि मगच रद्दीत टाकायचे.

"दहा म्हणजे काय, वहिनी?" एकदा मला समजावून सांगत होते. "दहा म्हणजे आता त्यात सुधारायला जागाच नाही. असं काही मी अजून बघितलेलं नाही."

"मग नऊ?"

"नऊ म्हणजे दहाचा शेजारी. तिथेही कुणी राहत नाही."

आजवरचा उच्चांक सात. तो त्यांच्या पत्नीच्या चिंच-गुळाच्या आमटीचा. त्या बाई फार गोड होत्या. आल्या-गेल्याला हसत सांगायच्या, "अडतीस वर्षं मी सातवर अडकलेय. नापास करत नाहीत हेच खूप समजा." त्या गेल्या, आणि नंतर सातपर्यंत कुणी पोचलं नाही. माझ्या पुरणपोळीला सहा मिळाले त्या दिवशी मी जिना उतरून धावत घरी आले होते. तेव्हा मला जिने धावत उतरता येत होते.

आता माझ्याबद्दल. मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते. टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं नोकरी केली, साहेबांशी भांडले, मोर्च्यात घसा फोडून ओरडले, पण सुई दिसली की माझे हातपाय गळतात. माझा उजवा खुबा पार झिजलाय, सांधा बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली होती. ती फाईल मी घरी आणली आणि माळ्यावर, दिवाळीच्या मोठ्या पातेल्यांच्या मागे ठेवून दिली. ह्यांनी विचारलं की म्हणायची, "थंडी संपू दे." थंडी संपली की उन्हाळा, उन्हाळा संपला की पाऊस. टाळायचं म्हटलं की पुण्यात ऋतूंना काही कमी नाही.

मला ऑपरेशनची भीती नव्हती. त्यानंतरच्या दुखण्याची होती, आणि त्याला कारण होतं. मी चोवीस वर्षांची असताना आई मोरीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. आई खाटेची लोखंडी पट्टी घट्ट धरून पडली होती. हळूच म्हणाली, "खूप दुखतंय गं. सिस्टरना सांगतेस का?" तिथल्या सिस्टर भयंकर ओरडायच्या. मी त्यांना घाबरले. मी आईला म्हणाले, "थोडं सहन कर ना. सगळ्यांनाच दुखतं." आईने परत विचारलं नाही. चादरीचं टोक दातांत धरून ती संध्याकाळपर्यंत पडून राहिली. पुढे ती बरी झाली, काठी घेऊन चालली, बरीच वर्षं जगली. पण ते चादरीचं टोक मी अजून विसरलेले नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ह्यांनासुद्धा.

सरांना मात्र सांगून बसले. झालं असं, की लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. मी पिशवी घेऊन जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी, आणि वरून सर येत होते. एक पायरी, विश्रांती, एक पायरी.

"कुठला?" त्यांनी माझ्या पायांकडे बघत विचारलं.

"उजवा."

"माझा डावा. दोघांचा मिळून एक धड माणूस होईल."

आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो. त्यांनाही डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, आणि त्यांनीही ते तसंच ठेवून दिलं होतं. "ही असती तर फरफटत नेलं असतं मला," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही का थांबलात?" आणि मी आईचं सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. पायरीवर बसलं की माणूस बोलतो बहुतेक. सरांनी ऐकून घेतलं. मार्क दिले नाहीत.

थोड्या वेळाने म्हणाले, "असं करू. मी आधी जातो. पेपर कसा आहे ते बघून येतो. मग तुम्हाला खरं काय ते सांगतो."

"आणि अवघड असला तर?"

"तर तसं सांगीन. मार्क वाढवून द्यायची मला सवय नाही."

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटावं लागतं. सरांची लेक नागपूरहून दोन दिवसांनी यायची होती, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. खरं तर मला जायचंच होतं, जीव मुठीत धरून का होईना. डॉक्टर म्हणजे पस्तिशीची मुलगी, पायात खेळायचे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. तिने कागदावर चित्र काढून समजावलं. पाठीत एक इंजेक्शन, त्याने कमरेखालचा भाग बधिर होणार. ऑपरेशन चालू असतानाच सर्जन नव्या सांध्याच्या आजूबाजूला बधिर करणारं औषध टोचून ठेवणार. शिवाय मांडीच्या वरच्या बाजूला, नसांच्या जवळ, ती एक बारीक नळी बसवणार आणि त्या नळीतून तेच औषध थेंब थेंब दोन-तीन दिवस जात राहणार. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, त्याच जातीचं औषध.

"डोकं जागं राहतं, सर. पाय तेवढा झोपतो," ती म्हणाली. "स्ट्रॉंग पेनकिलर कमी लागतात, म्हणजे उलट्या कमी, गरगरणं कमी. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालायचं."

"आणि दुखलं तर?" हे मी विचारलं. पेशंट सर होते.

"तर सांगायचं. सिस्टर सारख्या येऊन विचारतील, दहापैकी किती दुखतंय. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. चारपर्यंत आम्ही ओके धरतो. त्याच्या वर गेलं की लगेच बघतो."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्याकडे मार्कांवर चालतं?"

"पूर्ण मार्कांवर, सर."

बाहेर रिक्षात बसताना म्हणाले, "हे खातं आपलं आहे." मीही हसले. आमच्या दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही. तुमच्या एव्हाना आलं असेल.

सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी गेले. दारातूनच विचारलं, "सर, किती?"

"शून्य," सर म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा शून्य देताना बरं वाटतंय." मग मांडीवर चापट मारून म्हणाले, "हा पाय माझा आहे असं हे लोक म्हणतात. मला अजून पुरावा मिळालेला नाही."

तिथे एक सिस्टर होती, यवतमाळकडची, दणकट बांध्याची आणि भराभर चालणारी. तिने बोट उगारून दम दिला, "काका, दुखत नाही म्हणून एकटे उठाल अन् पाय दगा देईल. बेल दाबायची. समजलं ना?" सरांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली. ती गेल्यावर मला हळूच म्हणाले, "शिस्तीला सहा."

मंगळवारी त्यांना वॉकर देऊन उभं केलं. मी बघत होते. सर उभे राहिले, कपाळाला आठी, ओठ घट्ट, आणि चालले. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत. मला आई आठवली. महिनाभर अंथरुणाला खिळलेली. घरी आल्या आल्या मी ह्यांना माळ्यावर चढवलं, पातेली खाली उतरवली, फाईल काढली आणि डॉक्टरांकडे फोन करून तारीख घेतली. पुढच्या महिन्याची. ह्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "शाबास." दुसरं काही नाही, पण सरांचं शाबास म्हणजे काय ते आता तुम्हाला कळतंय.

बुधवारी बाराच्या सुमारास मी मऊ खिचडीचा डबा घेऊन गेले. लेकीला आंघोळीसाठी घरी पाठवलं. सर उशीला टेकून बसले होते. एप्रिलचा उकाडा, आणि पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलेलं. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. वरचा ओठ घामाने भिजला होता.

"सर, किती?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे किती?"

"चार."

तेवढ्यात सिस्टर तक्ता घेऊन आली. "काका, दहापैकी किती?" "चार." "चार, छान." तिने लिहिलं आणि पुढच्या खोलीत गेली.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी चार, म्हणजे आपल्यालाही झेपेल, असं मी मनात म्हटलं. समोर तो माणूस घामाने निथळतोय आणि मी माझ्या खुब्याचा विचार करतेय. इतकी मी स्वार्थी.

डबा उघडून खिचडी वाढली. सरांनी एक चमचा तोंडात घातला, कसाबसा गिळला आणि ताटली बाजूला ठेवली. मी वाट बघत राहिले. डोळा काही बारीक होईना.

"सर, खिचडी?"

"चांगली आहे."

चांगली! बारा वर्षांच्या ओळखीत या माणसाच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. मग मला त्यांचा हात दिसला. उजव्या हाताने त्यांनी पलंगाची लोखंडी पट्टी धरली होती, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत.

"सर," मी म्हटलं, "वहिनींच्या आमटीला तुम्ही किती द्यायचात?"

"सात."

"आणि त्या गेल्या, त्या दुःखाला किती द्याल?"

असं कुणाला विचारतात का? एरवी माझी जीभ रेटली नसती. पण मला त्या क्षणी दुसरं काही सुचेना. सरांनी डोळे मिटले. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच, ही सवय हाडात मुरलेली.

"सहा," ते म्हणाले.

अडतीस वर्षांचा संसार करून बायको गेली, त्याचे सहा. आणि आत्ता चालू होतं त्याचे चार! अहो, या माणसाची पट्टी दहाची नव्हतीच. ती सातला संपत होती, आणि हे त्या दवाखान्यात कुणालाच माहीत नव्हतं.

"मी सिस्टरना बोलावते."

"नको!" ते इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले. "नको, वहिनी. हात जोडतो तुम्हाला. सहन होतंय मला. तुम्ही घरी जा." बेल त्यांच्या पलीकडे होती. मी तिकडे हात नेला तर त्यांनी पांघरूण दोन्ही मुठींत आवळून धरलं, जसं काही मी ते ओढणारच होते. डोळ्यांत पाणी आलेलं. मला काही कळेना. मी कधी एवढी घाबरले नव्हते.

मी खोलीबाहेर आले. सिस्टरचं टेबल दहा-बारा पावलांवर. आणि मी तिथेच थिजून उभी. काय सांगणार होते मी? पेशंट चार म्हणतोय, पण ते चार नाहीत? ती ओरडेल. हसेल. सहासष्टाव्या वर्षी, नातवंडं असलेली बाई, मी सिस्टर ओरडेल म्हणून घाबरत होते. अगदी तशीच, चोवीस वर्षांच्या पोरीसारखी. तेव्हा मला एवढंच वाटलं, की आज परत गप्प बसले तर माझं मलाच तोंड दाखवता येणार नाही. मी गेले.

"सिस्टर, त्यांचे चार म्हणजे चार नाहीत हो."

"म्हणजे?"

"म्हणजे आठ असतील. नऊही असतील."

"काकू, पेशंट स्वतः सांगून राहिले ना चार. त्यांचं दुखणं तुम्ही मोजता का?"

"हो, मोजते!" माझा आवाज चढला. थरथरत होता, पण चढला. "अहो, या माणसाने बायकोच्या आमटीला सातच्या वर मार्क दिले नाहीत आणि ती गेली त्याचे सहा दिले. तो चार म्हणतोय! आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना बोलवा, नाहीतर मी इथे फरशीवर बसते. आणि मला एकदा खाली बसलं की उठता येत नाही. उचलायला तुम्हीच लागाल."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. ओरडली नाही, हसलीही नाही. तिने फोन उचलला.

ती भूल देणारी डॉक्टर आली, तेच बूट घालून, जवळजवळ पळतच. "सर, जरा बघू दे."

"वहिनींना बाहेर जाऊ दे," सर म्हणाले.

मला पाय उचलेना. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे पांघरूण बाजूला केल्याचा आवाज झाला. मग डॉक्टरचा आवाज, "सर, हे कधीपासून ओलं आहे?"

"दहा वाजल्यापासून असेल," सर म्हणाले. "माफ करा. सकाळी ती लघवीची नळी काढली, त्यानंतर... मला कळलंच नाही. माझा ताबा राहिला नाही."

तो आवाज मी ऐकायला नको होता. ज्या आवाजाने वर्गच्या वर्ग चिडीचूप बसायचे, तो असा आतल्या आत गेलेला.

"अहो सर," डॉक्टर म्हणाली, "हे तुमचं नाही. हे आमचं औषध आहे."

मांडीवरच्या त्या बारीक नळीचा जोड ढिला झाला होता. सकाळी चालताना झाला असावा. जे औषध पायात जायचं ते दोन तास गादीत जात होतं. चादर भिजली आणि पाय जागा झाला. आणि सरांना वाटलं आपण अंथरूण ओलं केलं. म्हणून ते पांघरूण छातीपर्यंत ओढून, कुणाला जवळ येऊ न देता, नव्या सांध्याची आणि ताज्या टाक्यांची सगळी कळ सोसत पडून राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, लाजेने. सांगा बघू, काय म्हणायचं याला?

सिस्टरचा चेहरा पार उतरला. "काका, मला एकदा सांगायचं होतं हो. मी रागावली असती का? मीच पांघरूण उचलून पाहायला पाहिजे होतं." तिने स्वतः चादर बदलली, त्यांना कपडे बदलायला मदत केली. डॉक्टरने सोनोग्राफीचं छोटं मशीन मागवलं, जुनी नळी काढून टाकली, पडद्यावर बघत बघत नवं इंजेक्शन दिलं आणि नवी नळी बसवली. "आता खरं सांगा, सर. दहापैकी किती होतं?" तिने विचारलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. "मागाहून दुरुस्त करून देतो," असं काहीतरी पुटपुटले.

मी खुर्चीत बसून त्या लोखंडी पट्टीवरच्या हाताकडे बघत होते. दहा मिनिटं गेली. पंधरा. मग करंगळी सुटली. मग शेजारचं बोट. अर्ध्या तासाने हात आपोआप मांडीवर येऊन पडला आणि सर झोपले. आईचा हात त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत सुटला नव्हता.

चार वाजता जागे झाले तेव्हा भूक लागली म्हणाले. डबाभर गार खिचडी मागून घेतली. पहिला चमचा खाल्ला आणि डोळा बारीक केला.

"साडेपाच. मीठ कमी."

मी तिथेच हुंदके देऊन रडले. मीठ बरोबर होतं.

सर बरे झाले. पावसाळ्यात काठी सुटली, गणपतीत तिसरा मजला न थांबता चढले. आणि मी काय केलं? मी तारीख रद्द केली. तुम्हाला वाटलं असेल मी शूर झाले. छे! तो राखेच्या रंगाचा चेहरा मी जवळून बघितला होता, तो डोळ्यांपुढून हलेना. पुढची तारीख घेतली, तीही रद्द केली. मग तिसरी. कधी पाहुणे, कधी सर्दी. सर एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त मी जिन्यात लंगडताना दिसले की खिशातल्या लाल पेनाशी चाळा करायचे.

दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा त्यांनी आपट्याच्या पानांबरोबर एक घडी घातलेला कागद दिला. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "गुणपडताळणी". खाली लाल पेनाने ओळी होत्या.

सोमवार संध्याकाळ: ०
मंगळवार, चालताना: २
बुधवार, सव्वाबारा: ४
बुधवार, दीड: २
बुधवार, चार: ०

तिसऱ्या ओळीतला चार एका आडव्या रेघेने खोडला होता. शेजारी लिहिले होते नऊ, आणि नऊपुढे सरांची पूर्ण सही. बोर्डाचा तसा नियमच असतो म्हणे. दिलेला गुण बदलला तर जुना नीट दिसेल असा खोडायचा, नवा लिहायचा आणि सही करायची. लपवाछपवी चालत नाही.

जिथे कुणी राहत नाही तिथले नऊ. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"मग तेव्हा चार का म्हणालात?"

"लाज," सर म्हणाले. "आणि तुम्ही समोर उभ्या होतात. आदल्या दिवशी तारीख घेतलेली. नऊ म्हटलं असतं तर पळाला असतात."

"तशीही पळालेच की."

"म्हणून तर कागद लिहिला. वहिनी, तुम्ही नऊ बघून घाबरलात. त्याच्या पुढचा आकडा वाचलाच नाहीत. तुम्ही जाऊन सांगितलंत आणि अर्ध्या तासात नवाचे दोन झाले." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तुमच्या आईंना तो पुढचा आकडा मिळाला नाही. तुम्हाला मिळेल. फक्त तोंड उघडायचं. नऊ असतील तर नऊ म्हणायचं. माझ्यासारखा शहाणपणा करायचा नाही."

मी म्हटलं, "तुम्ही याल ना माझ्याबरोबर?"

"येईन की. थंडीत लेकीकडे जातोय, परत आलो की तुमचाच नंबर."

ते परत आले नाहीत. नागपूरला छातीत कफ झाला, ताप आला आणि आठवड्यात सगळं आटोपलं. लेकीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ती म्हणाली, "काकू, त्या पायाने त्यांना शेवटपर्यंत त्रास दिला नाही. बाबा म्हणायचे, पायाला साडेसहा." आम्ही दोघी फोनवर हसलो. तव्यावरची पोळी जळून गेली.

फेब्रुवारीत मी ऑपरेशन करून घेतलं. शूर झाले नव्हते, घाबरतच गेले. ह्यांचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बोटातली अंगठी रुतून बसली. तो कागद पर्समध्ये होता. आत नेताना पर्स बाहेर ठेवावी लागली, पण त्यातले आकडे मला पाठ होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुखायला लागलं. आधी ठणका, मग आतून कुणीतरी पिळतंय असं. सिस्टर आली. तीच, यवतमाळची. "काकू, दहापैकी किती?"

"ठीक आहे" हे शब्द अगदी जिभेवर आले. उगाच कशाला, त्यांना बाकीचे पेशंट आहेत, सगळ्यांनाच दुखतं. माझ्या हातात चादरीचं टोक आलं होतं, ते मला त्याच वेळी दिसलं. मी ते सोडून दिलं.

"आठ," मी म्हणाले.

सिस्टरने ते लिहिलं नाही. आधी तक्ता खाली ठेवला आणि पांघरूण उचलून नळीचा जोड बघितला. जोड नीट होता, चादर कोरडी होती. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. औषध वाढवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिले, आणि खरं सांगते, अर्ध्या तासात दोन झाले.

मग दवाखान्याचा चहा आला. कागदी कपात, कोमट. घोट घेतला. कप ठेवायला बशी नव्हती, तसाच हातात धरून बसले. डावा डोळा आपोआप बारीक झाला.

"साडेतीन," मी म्हणाले.

सिस्टर दारापर्यंत गेली होती, ती धावत परत आली. "काय झालं काकू? परत दुखून राहिलं का?"

"नाही हो," मी डोळे पुसत म्हटलं. "चहाला."